साक्षीदार नसलेली तारीख

चौगुले सरांना कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या की ते त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "कोण म्हणतंय?"

कोण म्हणतंय काय? आधार कार्ड म्हणतंय, शाळेचा दाखला म्हणतोय, आमच्या ऑफिसचं रजिस्टर म्हणतंय. मारुती बाळू चौगुले, जन्मतारीख एक जून. पण सरांच्या लेखी ही सगळी एकाच थापेची पोरंबाळं होती. "ह्ये त्याचं बघून लिवतंय, त्ये ह्याचं बघून लिवतंय. बाळंतिणीच्या खोलीत ह्यातलं कोण हजर व्हतं, तेवढं सांगा मला."

आमच्या ऑफिसात माणसं चौदा आणि एक जूनला वाढदिवस पाच जणांचा. पन्नाशीच्या पुढचे झाडून सगळे. ज्यांना याचं नवल वाटेल त्यांनी आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांचे दाखले काढून बघावेत. पूर्वी बाप पोराला शाळेत घालायला घेऊन यायचा, हेडमास्तर जन्मतारीख विचारायचे, बाप डोकं खाजवत उभा राहायचा आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझ्या अब्बांचा वाढदिवसही त्याच दिवशी असतो. ते बिचारे दर वर्षी आनंदानं गुलाबजाम मागतात आणि आम्ही करतो. कुणाचं काही बिघडत नाही.

सरांचं बिघडायचं. एक जूनला मालक एकच केक आणायचे आणि त्यावर पाच नावं दाटीवाटीनं लिहून घ्यायचे. केक टेबलावर आला की सर चपला घालून जिना उतरायचे. आमचं ऑफिस कोल्हापुरात, मंगळवार पेठेत एका सायकलच्या दुकानावर आहे. त्या दुकानासमोर ते भर उन्हात, दोन्ही हात मागे बांधून, केक संपेपर्यंत उभे राहायचे. त्यांच्या वाट्याचा तुकडा मी पहिल्या वर्षी खाली नेऊन दिला होता. म्हणाले, "नसीमबाई, मी अजून जन्मलोच न्हाय. केक कसा खाऊ?" तेव्हा त्यांचं वय चोपन्न होतं.

आता आमच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण सरांचं सगळं वेड त्याच कामात उतरलं होतं. आम्ही दूध संस्थांसाठी जनावरांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर करतो. कुठली म्हैस कधी भरवली, म्हणजे गाभण राहावी म्हणून फळवली, आणि ती कधी व्यायची, हे संगणकानं सांगायचं. गाईला नऊ महिने नऊ दिवस, म्हशीला दहा महिने दहा दिवस. भरवल्याच्या तारखेत तेवढे दिवस मिळवायचे, की झालं. जगातल्या प्रत्येक संगणकीय भाषेत ही तारखांची बेरीज-वजाबाकी तयार मिळते, तीही फुकट. शहाणी माणसं ती उचलतात, वापरतात आणि संध्याकाळी वेळेवर घरी जातात.

सरांनी ती उचलली नाही. त्यांनी स्वतःचा 'तारीख' नावाचा क्लास लिहिला. क्लास म्हणजे संगणकाला दिलेला एक साचा, तारीख म्हणजे काय आणि तिच्याशी कसं वागायचं हे शिकवणारा. मी नोकरीला लागले तेव्हा तो साचा चार हजार ओळींचा होता आणि त्यात हात घालायची परवानगी फक्त एका माणसाला होती. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, तयार मिळतंय ते का नाही वापरत?" सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "त्या तयार मालाला बेंदूर ठावं हाय काय?"

मला त्या वेळी राग आला होता. मी पेठेतली मुलगी, बेंदूर म्हणजे बैलांचा सण एवढंच ऐकून होते, माझ्या सात पिढ्यांत कुणी बैल पाळला नाही. पण पुढच्या पंधरा दिवसांत कळलं की शेतकरी तारीख सांगतच नाही. म्हैस भरवायचं इंजेक्शन कधी दिलं असं विचारलं की तो सांगतो, "बेंदराच्या आधी आठ दिवस डोस दिलता बगा," किंवा "यात्रा झाल्यावर पंधरा दिवसांनी." संस्थेतला क्लार्क ते जसंच्या तसं टाईप करतो. सरांच्या क्लासला ते समजायचं. 'आठ दिवस' म्हटलं की तो सात मोजायचा, कारण आपल्याकडे आठ दिवसांनी ये म्हणजे त्याच वारी ये. 'पंधरा दिवस' म्हटलं की चौदा. सगळ्या यात्रा, उरूस, बेंदूर, दसरा त्याला वर्षावर्षाचे पाठ होते.

इथवर मी त्यांना मनातल्या मनात सलामही केला असता. पण सर कुठे थांबायचं ते ठाऊक नसलेल्यांपैकी होते. एकतीस जानेवारीत एक महिना मिळवला तर काय, यावर त्यांनी तीन आठवडे काढले. मी कंटाळून म्हटलं, "अठ्ठावीस फेब्रुवारी धरा आणि सोडा."

"म्हंजे तीन दिवस गिळलं तुमी."

"गिळले तर गिळले, सर."

"आनि अजून एक महिना मिळवला की अठ्ठावीस मार्च. मार्च एकतीसचा हाय, पण गेलेलं तीन दिवस काय परत आलं न्हाईत. कुनाचं व्हतं ते दिवस? कोन देणार त्येस्नी परत?" असं म्हणून ते खिडकीबाहेर असं काही बघत राहिले की मला उगीचच अपराधी वाटायला लागलं. मी चहा मागवला.

त्यांच्या क्लासमधली सगळ्यात जाचक गोष्ट म्हणजे साक्षीदार. दिवस, महिना, साल याखेरीज प्रत्येक तारखेला दोन रकाने भरावे लागायचे, गाव आणि साक्षीदार. ही तारीख कोण सांगतंय? शेतकरी स्वतः, त्याची बायको, डोस देणारा डॉक्टर, कुणी तरी. साक्षीदार नसेल तर क्लास त्या तारखेवर 'मास्तरांची' असा शिक्का मारायचा आणि तिच्यात एक दिवसही मिळवायला नकार द्यायचा. "खोट्यात दिवस मिळवलं तर खोटंच वाढतंय," हे सरांचं म्हणणं. दूध संस्थांचे क्लार्क फोनवर आम्हाला शिव्या द्यायचे. त्या शिव्या मी ऐकायचे, सर नाही.

याच सवयीपायी त्यांचं लग्न राहिलं म्हणतात. मुलगी बघायला गेले, पोहे खाल्ले, आणि बायोडाटा वाचता वाचता मुलीच्या वडिलांना विचारलं, "ही जन्मतारीख कोण म्हणतंय?" वडिलांनी ताटली काढून घेतली. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यात त्यांना कुणी मुलगी दाखवली नाही. हे मला खुद्द सरांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना त्यात आपली काही चूक दिसत नव्हती.

गावाचा रकाना मात्र असाच आला नव्हता. तो एका मेलेल्या रेडीमुळे आला.

मी नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी दक्षिणेकडच्या, अगदी सीमेलगतच्या एका गावातून एक शेतकरी आमच्या ऑफिसात आला. जिन्यातूनच ओरडत वर आला. "कुठं हाय तुमचं ते मशीन? कोन चालवतंय?" सर उठून उभे राहिले. शेतकरी म्हणाला, "पावणं, तुमच्या मशीनीनं मला म्हस व्यायाला महिना हाय म्हणून सांगितलं. मी पावण्याकडं लग्नाला गेलतो. म्हस रानात याली. कोन बी न्हवतं जवळ. रेडी गेली की माझी."

घोळ असा झाला होता की आपल्याकडे बेंदूर दोन. पश्चिमेकडचा महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात येतो, सीमेकडचा कर्नाटकी बेंदूर त्याच्या महिनाभर आधी, ज्येष्ठातल्या पौर्णिमेला. सरांच्या क्लासला एकच ठाऊक होता, सरांच्या स्वतःच्या गावचा, मलकापूरचा. शेतकऱ्यानं त्याच्या गावच्या बेंदराचा हिशेब दिला आणि क्लासनं मलकापूरच्या बेंदरापासून मोजलं.

दुसऱ्या दिवशी सर एसटीनं त्या गावाला गेले आणि दोन दिवस आलेच नाहीत. आल्यावर त्यांनी सगळ्या कामांच्या आधी गावाचा रकाना घातला. जिल्ह्यातल्या एकूणएक गावापुढे तिथला बेंदूर कुठला ते लिहिलं, फोन करून करून, माणसांना विचारून. "म्हस कुठल्या गावची, ह्ये इचारल्याबिगर तिची तारीख लावायची न्हाय," असा त्यांनी कागद लिहून भिंतीवर डकवला. तो कागद अजून आहे.

या सगळ्याला मी पाच वर्षं तोंड दिलं. मग सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. आमच्याकडे साठाव्या वर्षी निवृत्ती असते आणि एक जूनची माणसं एकतीस मेला घरी जातात. मालकांनी मार्चमध्येच मला बोलावून सांगितलं, "नसीम, सर गेले की तो क्लास काढून टाक. जगात चालतंय तेच आपल्यात चालू दे. नवीन पोरांना तो कळत नाही, मला कळत नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. काढायचा तरी आधी तो हातात हवा, म्हणून मी सरांकडे क्लास ताब्यात मागायला गेले, तर तिथे घोडं अडलं.

"एक टेस्ट लाल हाय," सर म्हणाले. "ती हिरवी झाली की घ्या सगळं."

टेस्ट म्हणजे प्रोग्रामची परीक्षा. प्रश्न आपण घालायचा, उत्तर जुळलं की हिरवं, चुकलं की लाल. क्लासच्या साडेतीनशे टेस्ट होत्या, सगळ्या हिरव्या, आणि तळाशी एक लाल. तिचं नाव होतं 'अव्वा'. मी उघडून बघितली.

अव्वा म्हणते, बेंदूर आठ दिवसांवर आला होता.
अव्वा म्हणते, धूळवाफ चालली होती, पावसाचा टिपूस नव्हता.
गाव मलकापूर. साक्षीदार अव्वा.
तारीख किती?

अव्वा म्हणजे सरांची आई. ती मलकापुरात सरांच्या धाकट्या भावाकडे राहायची आणि सर दर रविवारी एसटीनं तिला भेटायला जायचे, एवढं मला माहीत होतं. ही टेस्ट नऊ वर्षांपूर्वी लिहिलेली होती, गावाची ओळ तेवढी नंतर घातलेली. म्हणजे क्लासची पहिली ओळ लिहिली त्याच दिवशी. म्हशीबिशी नंतर आल्या होत्या. हा माणूस चार हजार ओळी लिहून स्वतःचा जन्मदिवस शोधत होता.

साल वादात नव्हतं, ते गावात सगळ्यांना पाठ होतं. पण दिवस निघत नव्हता. धूळवाफ म्हणजे पावसाच्या आधी कोरड्या मातीत केलेली भाताची पेरणी. ती मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला होते. मलकापूरचा बेंदूर येतो तेव्हा भाताच्या खाचरांत गुडघाभर पाणी असतं. दोन्ही एकदम खरं असणं शक्य नव्हतं. क्लास दर वेळी प्रामाणिकपणे सांगायचा, अशी तारीख नाही.

"मग आईचं काहीतरी चुकत असेल," मी म्हटलं.

"त्येच म्हणत आलो नऊ वर्सं," सर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. "दर रविवारी. अव्वा, तुजं चुकतंय, नीट आठव. आधी भांडायची माज्यासंगं. मी जनलं आनि मला ठावं न्हाय व्हय रं, म्हणायची. मग म्हणायला लागली, आसंल बाबा तुजं खरं. आनि आता…" त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तिच्याबिगर दुसरा साक्षीदार न्हाय, नसीमबाई. बा गेला, सुईण गेली. ती हाय तवर तारीख घावली तर घावली. तुमी याल काय एक दिवस? तुमी बाईमाणूस. मला न्हाय सांगत, तुमास्नी सांगंल."

मी जायला नको होतं, असं मला अजूनही अधूनमधून वाटतं. मी गेले, कारण मला तो क्लास हवा होता.

मेच्या दुसऱ्या रविवारी आम्ही मलकापूरला उतरलो. भावाच्या घरी सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, खाटेवर म्हातारी बसली होती. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, हातात पंखा. सरांना बघून तिनं पदर नीट केला.

"या पावणं, बसा. कुठलं गाव म्हणायचं?"

मला वाटलं ती चेष्टा करतेय. सर खाटेसमोरच्या खुर्चीवर टेकले आणि शांतपणे म्हणाले, "कोल्लापूरचा."

"लांबनं आलायसा. काम काय करता?"

"तारखा मोजतो."

"बरं हाय. बसून काम हाय." मग तिनं घरात हाक मारली, "अगं, पावण्यास्नी पानी दे की."

मी सरांकडे बघितलं. ते नेहमीसारखे हात मागे बांधायला गेले, पण खुर्चीची पाठ आडवी आली, म्हणून त्यांनी ते मांडीवर ठेवले. किती रविवार हे असं चाललं होतं कुणास ठाऊक. दर रविवारी हा माणूस स्वतःच्या आईकडे पाहुणा म्हणून येत होता आणि सोमवारी आमच्यासमोर येऊन बेंदराबद्दल वाद घालत होता. मला त्यांचा भयंकर राग आला. कुणाला सांगायचं तरी होतं, इतकी माणसं होतो आम्ही ऑफिसात.

म्हातारी माझ्याकडे वळली. "तू कोनाची गं?"

"मी नसीम. कोल्हापूरची." मग इथपर्यंत आलेच आहे तर विचारून टाकावं म्हणून मी तिच्याजवळ खाटेवर बसले. "आजी, तुमच्या थोरल्याचं बाळंतपण कुठं झालं होतं?"

मी ते मुद्दाम हुशारीनं विचारलं नव्हतं. बाई बाळंतपणाबद्दल विचारते तेव्हा हेच आधी विचारते. म्हातारी मला वेडी ठरवल्यासारखी हसली.

"कुठं म्हंजे? माहेरात की. पयलं बाळंतपण सासरी कोन करतंय?"

माझ्या मागे खुर्ची करकरली.

"माहेर कुठलं, आजी?"

"आजऱ्याच्या खाली, अगदी शीवंवर. पलीकडच्या रानात समदी कानडी बोलत्यात. आमच्यात बेंदूर लवकर आसतोय. हितं लगीन होऊन आले तवा हितल्या बायका हसायच्या मला, ह्यो कसला गं तुजा बेंदूर, पाऊस पडायच्या आदी." तिचा आवाज एकदम तरणा झाला होता. "माजा बा धूळवाफ पेरत व्हता. मला कळा आलत्या. पोरगा झाला म्हणून कोनतरी रानात सांगाय गेलं, तर बा पेरायची कुरी हुबी सोडून पळत आला. हातात ही धूळ! तसाच पोराला उचलला की. माजी आय वराडली, आधी हात धू, हात धू. कुठलं हात धुतोय! पोराच्या कपाळाला माती. म्हणून त्यो काळा ऱ्हायला, आसं म्हणायचा बा."

ती हसत होती, मी हसत होते. सर हसत नव्हते.

"लई हुशार हाय त्यो," म्हातारी म्हणाली. मग तिचा पंखा थांबला. "कोल्लापुरात आसतोय. येत न्हाय आता. मी एकदा कायतरी चुकीचं सांगितलं त्याला, तवापासनं रागावलाय."

मी तोंड उघडलं, पण सरांनी मान हलवली. त्यांनी बॅगेतून लॅपटॉप काढला, मांडीवर ठेवला आणि एकच शब्द बदलला. मलकापूर खोडून आईच्या माहेरचं गाव घातलं. मग बटण दाबलं. मी उठून त्यांच्या मागे उभी राहिले. टेस्ट हिरवी होती. सात जून.

"मास्तर सहा दिवसांनी चुकलं," सर म्हणाले. त्यांनी लॅपटॉप मिटला. "जिल्ह्यातल्या एकूणएक म्हशीला गाव इचारलं मी, नसीमबाई. हिला न्हाय इचारलं."

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत राहिले. ज्या दिवसासाठी माणसानं एवढी वर्षं घालवली तो मिळाला होता, आणि तो मिळाल्याचं जिला सांगायचं तिला ते सांगता येत नव्हतं. तिचं काही चुकलं नव्हतं, हेसुद्धा नाही.

एकतीस मेला मालकांनी सरांना शाल आणि नारळ दिला. भाषणात ते म्हणाले, "चौगुले सर म्हणजे आमच्या कंपनीचं कॅलेंडर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी नारळ पिशवीत टाकला, भिंतीवरचा तो गावाचा कागद एकदा वाचला आणि जिना उतरले. दुसऱ्या दिवशी केक आला, त्यावर चार नावं होती. त्यामुळे अक्षरं जरा सुटसुटीत बसली, असं कुणीतरी म्हणालं.

मी त्याच आठवड्यात क्लास काढून टाकला. तयार मिळतं ते घातलं. दोन दिवसांचं काम होतं. आता बेंदूर चालत नाही, आठ दिवस आधी चालत नाही, दिवस-महिना-साल आकड्यांत भरावं लागतं आणि साक्षीदार कुणी विचारत नाही. क्लार्क लोक खूश झाले. शेतकऱ्याला तारीख आठवली नाही की तेही आता मास्तरांसारखंच करतात. परवा यादी काढून बघितली तर निम्म्या म्हशी एक तारखेला भरवलेल्या निघाल्या. मी मालकांना दाखवलं. ते म्हणाले, "चालतंय की." आणि खरोखरच चालतंय.

सहा जूनला सरांचा फोन आला. "उद्या मलकापूरला येता काय? साक्षीदार लागतोय."

मी रजा टाकली. एसटी स्टँडवर सर नव्या शर्टात उभे होते, हातात पेढ्यांचा पुडा. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "काढला क्लास?"

"काढला, सर."

"बरं केलंत," ते म्हणाले. "त्याचं काम झालं."

म्हातारी तिथेच खाटेवर होती. "या पावणं," तिनं हाक दिली, "कुठलं गाव म्हणायचं?" सरांनी पुन्हा कोल्हापूर सांगितलं. मग पुडा उघडून तिच्यासमोर धरला.

"आनि ह्ये कशाचं वं?"

"तुमच्या थोरल्याचा वाढदिवस हाय आज." सर म्हणाले. "त्यानं निरोप दिलाय. अव्वाचं बरोबर व्हतं म्हणून सांगा, म्हणाला. माजंच चुकलं म्हणाला."

म्हातारीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता ओळखेल. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरला की मी तो दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर बघितलेला नाही.

"आसं म्हणाला व्हय?" ती म्हणाली. "राग गेला म्हणायचा त्याचा."

तिनं पुड्यातला सगळ्यात वरचा, पिस्त्याचा काप लावलेला पेढा उचलला. तो तिनं खाल्ला नाही. पदराच्या टोकात ठेवला आणि त्याला गाठ मारू लागली. गाठ बसेना. सर पुढे झाले, तिच्या हातातलं टोक त्यांनी अलगद धरलं, पण त्यांना गाठ मारायची आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिला वाटलं, पाहुणा तो पेढा घ्यायला बघतोय. तिनं चटकन पदर ओढून छातीशी धरला.

"ह्यो न्हवं पावणं," ती म्हणाली. "ह्यो माज्या मारुतीचा हाय. तुमी दुसरा घ्या की."

सरांनी पुड्यातला दुसरा पेढा घेतला. तिच्यासमोर बसून, सगळा खाल्ला.